टाक्यातले मांगूर

दोन हजार तेवीस साली, मी एकुणसत्तर वर्षांचा असताना, तू मले पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काकाजी, मासोळी पाण्यात मरते कशी?"

मले राग आला होता. मासोळ्या धरणाऱ्या ढिवराच्या घरी जन्मलेल्या माणसाले हे विचारणं म्हणजे सुताराले लाकूड कशाले म्हणतात विचारणं. मी म्हणलो, "साहेब, जसा माणूस हवेत मरते तशी." तू हसला नाही. खिशातली लहान वही काढली अन् लिहून घेतलं. मले वाटलं, हा एक तर येडा आहे नाहीतर लबाड. तू दोन्ही नव्हता हे समजायले मले दोन वर्षं लागली, अन् समजलं तवा तू फोटोत जाऊन बसला.

कारखान्यात मी तुले साहेब म्हणत होतो, कारण दुसरं कोणी म्हणत नव्हतं. आता तुले 'तू' म्हणतो. तुझ्या बापापेक्षा मोठा आहो, तेवढा हक्क आहे. अन् प्रमोद, पहिली गोष्ट ही, की मले तुझा राग आहे. तुझ्या फोटोपुढे लोक बोलून राह्यले होते, मोठा शांत माणूस, कोणाले उलट बोलला नाही. मी कोपऱ्यात बसून दात खाल्ले. काहून नाही बोलला? बोलायसाठीच तं तुले ठेवलं होतं ना?

नाही, तुले बोलायसाठी ठेवलंच नव्हतं. तुले कागदावर नाव पाहिजे म्हणून ठेवलं होतं. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा एवढा मोठा कारखाना, रोज धान भिजवतात, उकळतात, वाळवतात, अन् भिजवलेलं आंबट पाणी मागच्या अंगाले सोडतात. त्या पाण्याचा वास ज्यानं घेतला नाही त्याले सांगून समजत नाही. बंद डब्यात आठ दिवस भात राह्यला अन् त्यात उंदीर मेला, तसा. ते पाणी साफ करूनच नाल्यात सोडा असा सरकारचा नियम, अन् ते साफ होते का नाही हे पाहायले एक शिकलेला माणूस ठेवा असाही नियम. तो माणूस तू. पर्यावरणचा मॅनेजर. तुझी खुर्ची बॉयलरच्या भिंतीले टेकून होती. उन्हाळ्यात तिले हात लावला तं चटका बसे. तुझ्या हाताखाली कोण? मी. मासोळ्या सांभाळणारा बुढा.

सेठ कधी येत, तवा पाहुण्यायले सांगत, "ये हमारे पर्यावरण वाले साहब." बाकीच्या दिवशी तू 'पानीवाला बाबू' होता. गावचे लोक तुले कारखान्याचा दलाल म्हणत. कारखान्याचे लोक तुले गावचा दलाल म्हणत. एका दिवशी तुझ्या गाडीवर कोणी गोटा मारला, टाकीले पोचा पडला. तू पोच्यावर हात फिरवून म्हणला, "काकाजी, निशाणा चुकला. नाईतं आज टाकीचा नाई, माह्या डोक्याचा रिपोर्ट लिहावा लागला असता." मी हसलो होतो. आज आठवलं की हसू येत नाही.

तुझ्या कामाचं एक सांगतो, तुझ्या घरच्यायलेही माहीत नसन. पर्यावरण दिवसाले सेठनं शंभरेक रोपं लावली, फोटो काढले, नाश्ता झाला, सारे गेले. दुपारी तुले मी उन्हात एकटा खड्डे उकरताना पाहिलं. म्हणलो, "साहेब, लावली ना, आता उपटून काहून राह्यले?" तू रोप वर करून दाखवलं. प्लास्टिकच्या थैलीसकट पुरलं होतं. सारीच तशी. तू ब्लेडनं एकेक थैली कापली, रोप परत लावलं. मी तुझ्याजवळ बसून थैल्या गोळा केल्या. तू म्हणला, "थैली नाई निघाली तं मुळं गोल गोल फिरत राह्यतात अन् आपलाच गळा घोटतात." त्याच दिवशी मी तुले मनात मानलं. तोंडानं बोललो नाही. आमच्यात तोंडानं बोलत नाहीत.

अन् शेणाचं आठवते काय? साफ करायच्या मोठ्या टाक्यात तू शेण मागितलं. ताजं, दुभत्या गाईचं, आठ टोपले. सारा कारखाना हसला. कारखान्याचे मोठे मॅनेजर, जीएम, तुले म्हणाले, "रामटेके जी, पूजा है क्या?" तू मले समजावलं, "काकाजी, या शेणात जंतू हायेत. ते घाण खातात. हे माहे ढोरं समजा. यायले चारा म्हणजे ते आंबट पाणी, अन् यायले श्वासाले हवा लागते. म्हणून ते मशीन खालून बुडबुडे मारते. मशीन बंद झालं की दोन-तीन घंट्यात ढोरं मरायले लागतात."

मी म्हणलो, "हे तं मले माहीत हाये."

"तुमाले कसं माहीत?"

मंग मी तुले बीज न्यायचं सांगतलं. माझा बाप मातीच्या हंडीत मासोळीचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, घेऊन वाऱ्याशिवनीपासून खैरलांजीकडच्या बोड्यांपर्यंत, म्हणजे लहान तळ्यांपर्यंत, पायी जाय. कावड खांद्यावर, अन् चालता चालता एक हात हंडीत, पाणी थापटत. थप, थप, थप. हात थांबला की बीज मेलं. बाप जेवायले बसला की मी थापटत बसो. तू ऐकलं अन् लेकरासारखा खुश झाला. "काकाजी, हेच तं माहं मशीन करते! तुमचे बाबा चालता-फिरता ब्लोअर होते!" जेवणाच्या सुटीत तू साऱ्यायले ते सांगत फिरला. माझ्या बापाची आठवण त्या कारखान्यात कोणी काढली तं तू काढली. त्याचं देणं माझ्यावर आहे अन् ते मी बुडवलं.

आता ते लिहितो, जे लिहायले तू मले हात जोडले होते.

साफ झालेलं पाणी नाल्यात जायच्या आधी एका लहान सिमेंटच्या टाक्यातून जाय. त्यात मासोळ्या. तपासणीवाले आले की पाहत, मासोळी जिंदी म्हणजे पाणी चांगलं. त्या टाक्याचा राखणदार मी. पहिले मी रोहू टाकले. आठ दिवसांत उलटे झाले. मले लाज वाटली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकापुढे मेलेली मासोळी दिसणं म्हणजे नाक कापल्यासारखं. बापानं शिकवलं होतं, मेली तं सकाळीच काढून टाक, दुसरी ठेव, अन् गिऱ्हाइकाले सांगू नको. मी तसंच केलं. तू बालाघाटहून गाडीवर यायच्या आधी मी मेलेले काढो अन् माझ्या बोडीतले जिंदे टाको. तू येऊन टाक्यात डोकावे अन् म्हणे, "वा!" मले बरं वाटे. एवढंच. मले कोणी सांगतलं नव्हतं, कोणी काही दिलं नव्हतं. माझ्या टाक्यात मासोळी मरत नाही, एवढाच माझा ताठा.

मंग रोहू रोज मरायले लागले. माझ्या बोडीत किती रोहू राहतीन? म्हणून मी मांगूर टाकले.

मांगूर म्हणजे काय, हे कोण्या ढिवराच्या लेकराले विचारा. मिशीवाली, खवले नाहीत. ती पाण्यातल्या हवेवर जगत नाही, तोंड वर काढून बाहेरची हवा गिळते. गढूळ पाण्यात जगते, आटलेल्या बोडीच्या चिखलात जगते, पिशवीत घालून बाजारात नेली तं घरी येईपर्यंत जगते. तू शहरातल्या वार्डात वाढला, तुले मासोळी ताटातच भेटली. तरी तू विचारलं होतं, "काकाजी, पहिले खवल्याची होती, आता मिशीची काहून?"

मी म्हणलो, "सीझन हाये."

तेही तू वहीत लिहिलं. प्रमोद, तुझ्या त्या वहीत माझं एक खोटं आहे अन् तू ते खरं समजून सांभाळलं.

अन् याहून मोठं. तू संध्याकाळी गाडी काढून गेला की ते हवेचं मशीन बंद होत होतं. लाइटचं बिल वाचवायले. तुले सांगत नव्हते. सकाळी तू फाटकात दिसला की परत चालू. तपासायले बाटलीत पाणी भरून नेणारे सरकारी लोक आधी फोन करून येत, त्या दिवशी मशीन दिवस-रात चाले. मी फाटकाबाहेरच राहतो, मले आवाज बंद झालेला ऐकू येत होता. मी हंडी थापटणाऱ्याचा लेक. हात थांबला की काय होते हे साऱ्या कारखान्यात मलेच माहीत होतं. मी म्हणलो, मशीनवाल्यायचं काम, मले काय करायचं. तुझं पाणी तपासायचं यंत्र बिघडलं होतं, नवं मागितलं की "अगले महीने". म्हणून तू माझ्या मासोळ्यांवर भरोसा ठेवला, अन् रिपोर्टात लिहीत गेला, मासे निरोगी.

दिवाळीनंतर, आपला नाला जिथं जाते त्या खालच्या गावच्या बोडीतलं पाणी काळं झालं. शिंगाड्याचे वेल सडले, मासोळ्या पांढरं पोट करून वर आल्या. ती बोडी बायांची होती, आठ-दहा घरांच्या. शिंगाडा विकून त्यायचं वर्ष निघे. त्या टोपले घेऊन फाटकात आल्या. चौकीदारानं अडवलं, तू म्हणला येऊ दे. त्यायनं मेलेल्या मासोळ्या तुझ्या टेबलावर ओतल्या, कागदावर, फायलीवर. तू उठून उभा राह्यला. तोंड पांढरं. तरी म्हणला, "बाई, पाणी आमचं नाई. आमच्या टाक्यात मासोळ्या जिंद्या हायेत, चला दाखवतो."

तू त्यायले टाक्यावर आणलं. मी तिथंच होतो, हातात जाळी. जनाबाई पुढे झाली, आमच्या नात्यातली, माझ्याहून दोन-चार वर्षं लहान. तिनं टाक्यात एकदा पाहिलं अन् तुझ्याकडे पाहून हसायले लागली.

"साहेब, हा तं मांगूर हाये."

"हौ, मग?"

"मांगूर चिखलात जगते, बाबू! तोंड वर काढून हवा खाते. याले पाहून आमचं पाणी चांगलं म्हणून राह्यला? तं मंग एक म्हैस उभी कर टाक्यात अन् लिही, म्हैसही जिंदी हाये!"

बाया हसल्या. हसता हसता एक रडायले लागली. तू टाक्याकडे पाहिलं. एक मांगूर वर आला, तोंड उघडलं, हवा गिळली, खाली गेला. मंग तू माझ्याकडे पाहिलं. मी जाळी झटकत राह्यलो.

जनाबाई जाता जाता मले म्हणाली, "दसरू दादा, तुमाले तं दिसत होतं ना?" बस, तेवढंच. तुझ्या नजरेपेक्षा तिचा प्रश्न मले जास्त जाळते.

दुसऱ्या दिवशी तू मले खुर्ची दिली. स्वतः उभा राह्यला. "काकाजी, कवापासून?" मी सांगायले पाहिजे होतं. मी भडकलो. "मले मासोळी जिंदी ठेव म्हणलं, मी जिंदी ठेवली. माहं काम मी केलं. तुमचं तुमी पाहा!" तू आवाज चढवला नाही. म्हणला, काल रातच्याले मी थांबून पाहिलं, आता वरच्या ऑफिसात सारं लिहून राह्यलो, मशीन बंद ठेवतात ते, यंत्र नाही ते, माझी चूक झाली ते. तुमी फक्त लिहून द्या का मासोळ्या तुमी बदलल्या अन् काहून बदलल्या. सही करा. दोघायची चूक दोघायच्या नावानं जाऊ द्या.

अन् मी काय म्हणलो? "सत्तर वर्षात माह्या नावावर डाग नाई. चार बुकं शिकून तुमाले मांगूर वळखू येत नाई, तं त्यात माहा काय दोष?"

तू वही काढली. "हेही लिहितो," म्हणला. "हे खरं हाये."

मले वाटलं, तू टोमणा मारला. मी उठून चालता झालो. तो टोमणा नव्हता हे मले आता समजून राह्यलं. तू खरंच लिहिलं असन.

मी सही दिली नाही. जीएमनं तुझा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, म्हणे गवाह किधर है. त्यानंतर तुझ्या खुर्चीवर दुसऱ्यायच्या फायली ठेवायले लागले. मी तुले एकदाच बोललो, फाटकात. "नोकरी सोडून काहून नाई जात? भोपाळले जा, नागपूरले जा." तू म्हणला, "मी गेलो तं खुर्ची खाली राहीन काकाजी. खाली खुर्चीवर कोणाचीही सही चालते." मी म्हणलो, "भरल्या खुर्चीवर कोणती तोफ चालली?" तू गाडीले किक मारली अन् निघाला. ते आपलं शेवटचं भांडण. त्यात कोण बरोबर होतं ते मले अजून समजलं नाही, अन् तू उत्तर न देताच गेला, याचा मले राग आहे. बेचाळीस वर्षांचा माणूस, सकाळी कामावर निघाला, एक बूट पायात, एक हातात, अन् पायरीवर बसला तो बसला. तुझी बायको सुनंदा आतून म्हणत राह्यली, "अवो, डबा राह्यला." हे काय जायचं वय आहे? हे काय भांडण सोडायची जागा आहे?

जीएम सर्वांत मोठा हार घेऊन आले. दोन मिनिटं उभे राह्यले. "हमारे परिवार के सदस्य थे," म्हणाले. अन् दहा दिवसांनी त्याच परिवाराचं पत्र सुनंदाले आलं.

ती पत्र घेऊन माझ्या घरी आली. पांढरं लुगडं, डोळे कोरडे. ओट्यावर बसून तिनं मले हिंदीत वाचून दाखवलं. बोडीच्या बायांच्या अर्जावर सरकारची नोटीस आली होती, तिचं उत्तर कारखान्यानं दिलं, अन् तेच पत्रात लिहिलं होतं. दिवंगत पर्यावरण प्रबंधकानं आपल्या मनानं टाक्यात मांगूर टाकले, खोटे रिपोर्ट लिहिले, कंपनीले अंधारात ठेवलं. त्यायच्या घरी जे कागद असतीन ते लवकरात लवकर जमा करा.

वाचून झालं. ती म्हणाली, "काकाजी, त्यायले जाळं धरता येत नव्हतं. पोहताही येत नव्हतं. मंग मांगूर आणले कोणी?"

मी ओट्यावरचं जाळं उचललं अन् गाठी सोडवत बसलो.

"मी तुमाले काही म्हणून नाई राह्यली. फक्त विचारून राह्यली. माह्या पोरीले शाळेत पोरी विचारतीन, तुहे पप्पा चोर होते काय. मी काय सांगू?"

मी गाठीच सोडवत राह्यलो. माझी बायको आत पाणी आणायले गेली ती बाहेरच नाही आली. सुनंदा उठली. "पुण्यानुमोदनाले दोन शब्द लिहून द्या," म्हणाली. "ते घरी तुमचं लई सांगत. तुमच्या बाबांच्या हंडीचं." मंग गेली.

प्रमोद, मले जीएमचा राग आहे, सेठचा आहे, मशीनचं बटण दाबणाऱ्याचा आहे. तुझा आहे, की तू एवढा भला काहून होता, की माझी गचांडी धरून मले ऑफिसात काहून नेलं नाही. पण ओट्यावर बसलो तवा सर्वांत जास्त राग या दोन हातांचा आला. बापानं मेलेली मासोळी लपवायले शिकवलं, हे मी साऱ्यायले सांगत आलो. पण बाप तं गिऱ्हाइकाच्या ताटात जिंदीच मासोळी देत होता! लपवलेली स्वतः खात होता, दुसऱ्याच्या बोडीत सोडत नव्हता. मी बापालेही खोटं लावलं.

सूर्य मावळायच्या वेळी कारखान्यातून माणूस आला. "चाचा, कल सुबह जाँच वाले साहब आ रहे हैं. टंकी चमका देना. मांगूर निकाल देना, अच्छी वाली मछली डालना. जीएम साहब ने खास बोला है."

मी म्हणलो, "अच्छी वाली डालता हूँ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोडीतून रोहू धरले. बारा. हंडीत घेतले, सारा रस्ता पाणी थापटत नेलं, एकही मरू दिला नाही. टाक्यातले मांगूर काढले अन् रोहू सोडले. मंग कठड्यावर बसलो. मशीनवाल्यानं मले पाहून सांगतलं की मशीन आताच चालू केलं, यावेळी बाटलीवाले नाहीत म्हणून रातभर बंदच होतं. मी म्हणलो ठीक आहे. दहा वाजेपर्यंत नऊ रोहू उलटे झाले होते, तीन वर येऊन तोंड हलवत होते. जीएम तपासणीवाल्यांच्या आधी धावत आले, पाहिलं, अन् दात दाबून म्हणाले, "चाचा, जाली कहाँ है? निकालो जल्दी!"

मी उठलो नाही. तोवर ते लोक आलेच. चष्मेवाला साहेब टाक्याजवळ वाकला, मंग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणलो, लिहून घ्या. तो म्हणाला, जीएम साहेब बताएंगे. मी म्हणलो, त्यायले माहीत नाई, मले माहीत हाये. जे साहेब मेले त्यायच्या नावानं जे लिहिलं ते खोटं हाये, माह्या नावानं लिहा. तिथं हिंदी-मराठी सारं एकत्र झालं, मले भान नव्हतं. जीएम म्हणाले, बूढ़ा आदमी है, दिमाग ठिकाने नहीं. चष्मेवाल्यानं हात वर करून त्यायले थांबवलं अन् पेन काढलं.

"नाम?"

"दसरू वल्द कोंडू बावणे."

"क्या काम करते हो, बाबा?"

मी सांगतलं, "मछली बदलता हूँ, साहब. तेईस से बदल रहा हूँ. लिखो."